मामफळाची कुळकथा

पंचवटीत वाढलेल्या मुलाला रामायण मुद्दाम शिकवावे लागत नाही. आमच्या वाड्यापासून दहा पावलांवर सीतागुंफा, तिथून पुढे काळारामाचे देऊळ, खाली उतरले की रामकुंड, आणि नदीच्या काठाने चालत गेले की तपोवन, जिथे लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले. त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरीचा डोंगर, तो हनुमंताच्या जन्माचा. त्यामुळे शेजारच्या काकूंविषयी बोलावे तितक्या सहजपणे आम्ही मुले सीतामाईविषयी बोलत असू. अशा गावात सीताफळाला सीताफळ का म्हणतात, असा प्रश्न कोणी विचारीत नसे. इथेच राहिली, इथेच खाल्ले, म्हणून सीताफळ! त्यात विचारायचे ते काय?

माझ्या आजीचे फळशास्त्र तर फारच पक्के होते. नवरात्र ते दिवाळी बाजारात येते ते सीताफळ. वरून खवल्याखवल्यांचे, आत साखर. चैत्रात काळारामाचा रथ निघायच्या सुमारास पिकते ते रामफळ. गुळगुळीत, तांबूस, थोडे रवाळ. "जोडपं आहे ते," आजी म्हणायची, "पण एका बाजारात कधी भेटत नाही. वनवासच नशिबी." आता इतिहास शिकवण्यात जन्म घालवल्यावर मला वाटते, की दोन फळांच्या हंगामाचे इतके नेमके वर्णन कृषिखात्याच्या पुस्तकातही सापडणार नाही.

ह्या सुखी संसारात तिसरे फळ आले ते १९५८ साली, आणि ते आले सावंतवाडीहून. माझ्या मामाने एसटीच्या टपावर पत्र्याच्या डब्यात एक रोप आणले. पाने गर्द हिरवी, मेण लावल्यासारखी चकचकीत. चुरगळली की एक उग्र, काहीसा नकोसा वास. मामा म्हणाला, "हे मामफळ." मामाने आणले म्हणून मामफळ, अशी माझी समजूत झाली आणि ती पुढे कितीतरी वर्षे तशीच होती. मोठेपणी जुन्या वनस्पतिकोशात मराठी नाव म्हणून 'मामफळ' छापलेले पाहिले, तेव्हा माझ्या मामाचा ह्या फळावर काही हक्क नाही हे कळून मी थोडी खट्टू झाले होते.

मागच्या अंगणात न्हाणीच्या पाण्यापासून जरा दूर, उंचवट्यावर मामाने ते लावले. जाताना आईला दोन गोष्टी बजावून गेला. "ताई, बुंध्याशी पाणी साचू देऊ नकोस, आणि थंडीला सांभाळ. आमच्याकडे थंडी नसते." पहिली गोष्ट आईने पाळली. दुसरीचा अर्थ आम्हाला तिसऱ्या हिवाळ्यात कळला.

नाशिककरांना थंडीचे कौतुक सांगायला नको. निफाडकडे पारा उतरला की वर्तमानपत्रात आकडे येतात आणि द्राक्षबागाईतदारांच्या पोटात गोळा येतो. त्या वर्षी पौषात एका रात्रीत आमच्या झाडाची सगळी पाने कढत पाणी ओतल्यासारखी काळी पडली. हे झाड मूळचे सदा दमट, सदा उबदार मुलखातले. सीताफळ हिवाळ्यात स्वतःच पाने गाळून झोपी जाते, म्हणून ते वाचते. मामफळाला ही युक्ती ठाऊक नाही. ते बिचारे बारा महिने हिरवे राहू पाहते, आणि थंडीला उघडे सापडते. आजीने बुंध्याला गोणपाट गुंडाळले, शेणकुटाची शेकोटी करून दोन रात्री धूर केला, आणि पहाटे विहिरीचे कोमट पाणी घातले. हे तिला कुणी शिकवले कोण जाणे. द्राक्षवाले आजही थंडीच्या रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे पाणी सोडतात, ते ह्याच हिशेबाने. फाल्गुनात बुंध्यातून फूट आली. घरात बाळंतपण सुखरूप पार पडावे तसा आनंद झाला!

पहिले फळ धरले १९६३ च्या पावसाळ्यात. फांदीच्या टोकाला नव्हे, तर जाड खोडालाच चिकटून एक हिरवे, वेडेवाकडे, मऊ काट्यांचे गाठोडे लोंबू लागले. वाढता वाढता ते दीड शेराच्या वर गेले. त्याचा रंग जरा पिवळसर झाला, काटे एकमेकांपासून दूर सरकले, आणि मग मामाने पोस्टकार्डावर कळवल्याप्रमाणे ते काढून धान्यात न ठेवता नुसते सुपात ठेवले. चौथ्या दिवशी अंगठ्याने दाबले तर लोण्यासारखे लागले. आत पांढरा, कापसासारखा तंतुमय गर, मधूनमधून काळ्या बिया. चव? अननस आणि आंबट दही ह्यांचे लग्न लागले तर त्यांच्या घरी असे काहीतरी जन्माला येईल.

आणि इथे एक पेच पडला. आमच्या घरी झाडाचे पहिले फळ देवाला दाखवल्याशिवाय कुणी खात नसे. ताटली देवघरात गेली, आणि आजी थबकली. "काय म्हणून ठेवू? मामफळ म्हणजे काय? देवाला काय सांगू?" आई म्हणाली, "ठेवा हो तसंच." आजी ऐकेना. ज्याला नाव नाही, कूळ नाही, ते देवापुढे कसे ठेवायचे? तिने क्षणभर डोळे मिटले आणि जाहीर केले, "हे लक्ष्मणफळ. चौदा वर्षं झोपला नाही तो. झोप येऊ नये म्हणून हे आंबट खायचा. काटे बघ ना, पहाऱ्यावरच्या माणसाच्या अंगावर असायचेच." फळ देवापुढे गेले. त्या दिवसापासून आमच्या वाड्यात ते लक्ष्मणफळ झाले. पुढे मी पाहिले, की हे नाव काही आजीनेच प्रथम काढले असे नाही. दक्षिणेकडे आणि रोपवाटिकांतही ते चालते. कुणी ह्यालाच हनुमानफळ म्हणतात, तर कुणी हनुमानफळ हे नाव चेरीमोया नावाच्या ह्याच्या दुसऱ्या भावंडाला देतात. नाशिकच्या दोन रोपवाटिकांत विचाराल तर तीन उत्तरे मिळतील. मला त्या गोंधळाचे काही वाटत नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका परक्या फळाचे बारसे झाले होते, आणि बारसे करणारीच्या मनात फसवणूक तिळमात्र नव्हती. तिला ते फळ घरात घ्यायचे होते, एवढेच.

ह्या घटनेचा अर्थ मला कळला तो फार उशिरा, शिक्षिका झाल्यावर. एका विद्यार्थिनीने वर्गात विचारले, "बाई, वाल्मीकीने सीताफळ लिहिलंय का?" मी ठामपणे 'हो' म्हणणार होते, पण सवय वाईट, म्हणून घरी येऊन अरण्यकांड उघडले. पंचवटीच्या वर्णनात झाडांची मोठी यादी आहे. साल, ताल, तमाल, खजूर, फणस, आंबा, अशोक, चाफा, केवडा, खैर, शमी, पळस असे सगळे गणगोत तिथे हजर आहे. सीताफळ नाही. रामफळही नाही. मग मी पांडवलेण्यांत गेले. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात ह्याचे शिलालेख आहेत. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचे. गावे दिली, गाई दिल्या, नद्यांवर होड्या ठेवल्या, असा दानाचा हिशेब त्यात आहे. आणि एका दानात ३२,००० नारळाची झाडे, दुसऱ्यात ८,००० असेही आकडे आहेत. ह्या माणसाने नारळ मोजून लिहून ठेवले, पण सीताफळाचा उल्लेख नाही. खांबांवरची शिल्पेही टॉर्च लावून पाहिली. कमळे मिळाली, प्राणी मिळाले, हवे ते फळ मिळाले नाही. अर्थात, नाही मिळाले म्हणजे नव्हतेच, असे इतिहासात म्हणता येत नाही. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मग ह्या फळांचे माहेर कुठले? उत्तर ऐकून आजी काय म्हणाली असती, ह्याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. माहेर अमेरिकेत. कोलंबस १४९२ साली ज्या बेटांवर उतरला, त्या कॅरिबियन बेटांत टायनो नावाचे लोक राहत. ते ह्या कुळातल्या गोड फळाला 'अनोन' म्हणत आणि आपल्या काटेरी मामफळाला 'ग्वानाबाना'. ओव्हिएदो नावाच्या स्पॅनिश अधिकाऱ्याने १५२६ साली टोलेडोला छापलेल्या आपल्या ग्रंथात ह्या ग्वानाबानाचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली तेव्हा त्या 'अनोन'चेच 'अनोना' केले. लॅटिनमध्ये 'अनोना' म्हणजे वर्षाचे पीक, धान्याची बेगमी. शब्द जुळला, अर्थही शोभला, म्हणून त्याने तो ठेवला. म्हणजे आजीने जे देवघरात केले, तेच त्या स्वीडिश पंडिताने आपल्या अभ्यासिकेत केले होते. परक्या फळाला घरच्या भाषेत बसवले. मामफळाला त्याने नाव दिले 'अनोना म्युरिकाटा', म्हणजे काटेरी शिंपल्यासारखे.

ह्या टायनो लोकांविषयी दोन शब्द इथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्पॅनिश आल्यावर सक्तीची मजुरी, उपासमार आणि देवीसारखे रोग ह्यांनी काही दशकांत त्यांची वस्तीच्या वस्ती नाहीशी झाली. माणसे गेली, पण त्यांचे शब्द जहाजांत बसून जगभर गेले. आपल्या घरातला 'बटाटा' हा मूळ त्यांचाच शब्द. त्यांच्याकडे तो रताळ्यासाठी होता. आपण एकादशीला बटाट्याचा कीस करतो, वर शेंगदाण्याचे कूट घालतो, सोबत साबुदाण्याची खिचडी, त्यात हिरवी मिरची. ह्यातला प्रत्येक जिन्नस अमेरिकेहून आलेला! रताळेसुद्धा. उपवासाच्या ताटात आपल्या भूमीतले म्हणावे तर वरी, मीठ आणि भक्ती. आमच्या आजीला हे सांगितले असते तर तिने एकादशी सोडली नसती, मला ताटावरून उठवले असते.

अमेरिकेहून भारतात येण्याच्या दोन वाटा होत्या. एक पोर्तुगीजांची. काब्राल नावाचा त्यांचा दर्यावर्दी १५०० साली आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि तिथून तसाच कालिकतला आला. पुढे १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला. काजू, अननस, पपई ही मंडळी त्यांच्याच गलबतांतून उतरली. दुसरी वाट स्पॅनिशांची, मेक्सिकोतल्या आकापुल्कोहून फिलिपाइन्सकडे. ही जहाजे १५६५ पासून अडीचशे वर्षे धावत होती. फिलिपाइन्समध्ये आजही सीताफळाला 'आतेस', रामफळाला 'अनोनास' आणि मामफळाला 'गुयाबानो' म्हणतात. आता बंगालकडे पाहा. तिथे सीताफळ म्हणजे 'आता' आणि रामफळ म्हणजे 'नोना'. केरळात कोचीनचा डच सुभेदार व्हान ऱ्हीड ह्याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला, तो १६७८ ते १६९३ ह्या काळात बारा खंडांत ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या तिसऱ्या खंडात ही झाडे 'आत' आणि 'अनोना' ह्याच नावांनी आहेत. बंगाली आणि मल्याळी माणसाने पाहुण्याचे नाव जसेच्या तसे ठेवून घेतले. आपण मराठी माणसांनी मात्र त्याला दत्तक घेऊन नवे नाव दिले, आणि दत्तविधान इतके बेमालूम केले की मूळ घर आपल्यालाच आठवेना. हिंदीभाषक त्याला शरीफा म्हणतात. दिल्लीकडे 'सीताफळ' मागाल तर हातात लाल भोपळा येईल. माझ्या एका मैत्रिणीची तिथे अशी फजिती झाली आहे, बासुंदीचे दूध आटवून तयार होते.

मामफळ मात्र उशिरा आले असावे असे नावांवरून वाटते. मलायी लोक त्याला 'दुरियन बेलांदा' म्हणतात, म्हणजे डचांचा दुरियन. इंडोनेशियातले 'सिर्साक' हे डच भाषेतल्या 'आंबट पिशवी' अशा अर्थाच्या शब्दाचे रूप आहे. तमिळ आणि मल्याळी लोकांनी नुसते 'काटेरी सीताफळ' म्हणून भागवले. म्हणजे थोरले भाऊ आधीच घरात रुळले होते, धाकट्याला त्यांच्यावरून हाक पडली.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. जनरल कनिंगहॅम हे पुराणवस्तू खात्याचे पहिले प्रमुख. मध्य भारतातल्या भरहूत येथील स्तूप त्यांनी १८७३ मध्ये शोधला, आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या त्या शिल्पांत सीताफळ कोरलेले आहे असे त्यांचे मत झाले. तेव्हापासून पंडितांत हा वाद आहे. मी त्या शिल्पांची छायाचित्रे भिंगाखाली पाहिली आहेत. गोल, खवल्यांची वस्तू आहे खरी. पण पाथरवटाच्या छिन्नीखाली फणस, कमळाचे बोंड आणि सीताफळ ह्यांच्यातला फरक किती उरतो? तेवढ्यावर मी फिर्याद दाखल करणार नाही. त्यापेक्षा जड पुरावा २००९ मध्ये पुढे आला. उत्तर प्रदेशात मिर्झापूर जिल्ह्यातल्या टोकवा येथील उत्खननात सीताफळाचे जळून कोळसा झालेले बी मिळाल्याचे आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जातो असे, लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी 'रेडिओकार्बन' ह्या नियतकालिकात मांडले. हे खरे ठरले तर कोलंबसाच्या आधी कुणीतरी महासागर ओलांडला होता असे मानावे लागेल. माझे मन अजून तिकडे झुकत नाही. इतक्या जुन्या काळी आलेले इतके गोड फळ मधल्या तीन हजार वर्षांत कवींच्या, वैद्यांच्या आणि दान लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटले असेल, हे मला पटत नाही. पण एका बियेपुढे इतिहासाच्या शिक्षिकेने फार ताठ राहू नये, हेही खरे.

तरी सीताफळ आपल्या डोंगरांत इतके का माजले, ह्याचे कारण मला पुस्तकात नव्हे, एका धनगर म्हाताऱ्याकडून कळले. बालाघाटच्या कुशीत प्रवास करताना मी त्याला विचारले, "बाबा, सगळा डोंगर उघडा, आणि सीताफळंच कशी उरली?" तो म्हणाला, "शेळी तोंड लावत न्हाई, बाई." झाले! ज्या पानाला शेळी खात नाही त्याला महाराष्ट्रात मरण नाही. खडकात, मुरमात, पडक्या किल्ल्यांच्या भिंतीत ते उगवते, पावसाच्या पाण्यावर जगते, आणि गाव उठून गेले तरी आपण तिथेच राहते. दुष्काळात डोंगराकडच्या कित्येक घरांनी ह्या फळांवर दिवस काढले आहेत. लोकांना ते परके वाटणारच कसे? बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला त्याचे स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. अमेरिकेतून आलेला पाहुणा आज बीडचा म्हणून सरकारी कागदावर नोंदला गेला आहे. ह्याला मी लबाडी म्हणत नाही. चार-पाच शतके राहिल्यावर कुणीही गावचाच होतो.

मामफळाचे तसे नाही. ते लाडावलेले पोर आहे. आज माझ्या गंगापूर रस्त्यावरच्या घरामागे जे झाड आहे ते मामाच्या झाडाचे नातवंड. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा जुने झाड गेले. त्याआधी मी बिया रुजवल्या होत्या. बी ताजे असेल तर तीनेक आठवड्यांत कोंब येतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षी फळ धरते. मुळे वरवरची असतात, म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळा जाड पसरावा लागतो, नाहीतर चैत्रातल्या वाऱ्याने माती तापते आणि फुले झडतात. पिठ्या ढेकणाचा त्रास फार. मी जुन्या दात घासायच्या ब्रशाने साबणाचे पाणी लावून एकेक फांदी पुसते. शेजारच्या सूनबाई म्हणतात, "काकू, इतकं तुम्ही आम्हा मुलांचंही केलं नसेल."

सगळ्यांत मौज त्याच्या फुलाची. जाड, पिवळसर हिरव्या, कातड्यासारख्या पाकळ्या. हे फूल उमलताना आधी स्त्री असते आणि मग पुरुष. म्हणजे आतले स्त्रीकेसर तयार असतात तेव्हा त्याचा स्वतःचा पराग सुटलेला नसतो, आणि पराग सुटतो तोवर स्त्रीकेसरांची वेळ निघून गेलेली असते. मूळ मुलखात लहान भुंगेरे एका फुलातून दुसऱ्यात शिरून हे लग्न लावून देतात. आपल्याकडे ते काम अर्धवटच होते, म्हणून पुष्कळ फळे एका अंगाला फुगलेली, दुसऱ्या अंगाला आखडलेली अशी वाकडी निघतात; जिथे पराग पोचला नाही ती बाजू वाढत नाही. मी नातीची रंगाची मऊ कुंचली घेते, जुन्या फुलातला पराग बशीत झटकते आणि नुकत्याच उघडणाऱ्या फुलात फिरवते. गेल्या वर्षी अशी आठ फळे सरळ आली. बाकीची वाकडीच, पण चवीला वाकडेपणा येत नाही.

गराचे मी सरबत करते. बिया वेचून काढायच्या, गर चाळणीवर हाताने दाबून गाळायचा, साखर, चिमूटभर मीठ, थंड पाणी. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवणे हा अपराध समजावा. सीताफळाची बासुंदी करताना दूध पूर्ण निवल्यावर गर घालावा, उकळला की कडवटपणा येतो, हे आमच्या घरातल्या सुनांना उखाण्याआधी शिकवले जाई. इंडोनेशियात कोवळ्या मामफळाची भाजी करतात असे वाचून मी एकदा प्रयोग केला. तो प्रयोग घरातल्या कुणाला आठवू नये अशी माझी इच्छा आहे.

बियांविषयी आजी फार कडक होती. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावीत. पण शेजारच्या मुलीच्या डोळ्यांत ती गेली आणि पोर आठ दिवस अंधाऱ्या खोलीत पट्टी बांधून पडली होती. तेव्हापासून आजीने बिया चुलीत टाकायचा नियम केला. "नाव सीतेचं असलं तरी बी विखारी आहे," हे तिचे शब्द. नाव देणारी तीच, आणि नावाला न भुलणारीही तीच.

हे शब्द मला तीन वर्षांपूर्वी फार आठवले. एके दिवशी सकाळीच धाकटा भाऊ कापडी पिशवी घेऊन दारात उभा. वहिनीला कर्करोग निघाला होता, रुग्णालयातले उपचार नुकतेच सुरू झाले होते, केस गळू लागले होते. भावाच्या फोनवर कुणीतरी पाठवले होते, की लक्ष्मणफळाची पाने उकळून प्यायली की गाठ विरघळते, औषधांची गरज नाही. "ताई, तुझ्या दारात देवानं झाड ठेवलंय, आणि आम्ही दुसरीकडे वणवण करतोय," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांकडे मला बघवेना.

मी त्याला आत बसवले, चहा दिला, आणि मग सांगितले ते असे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ह्या पानांचा अर्क पेशींना मारतो, हे खरे; पण काचेच्या बशीत पुष्कळ गोष्टी पेशींना मारतात. माणसाचा कर्करोग त्याने बरा होतो असे कुणी सिद्ध केलेले नाही. उलट ग्वादलूप ह्या कॅरिबियन बेटावर, म्हणजे ह्या फळाच्या माहेरच्याच परिसरात, कंपवातासारखा पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा विकार बराच दिसला, आणि ती माणसे ह्या फळाचे व पानांच्या काढ्याचे सेवन जास्त करीत, असे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. काढ्यामुळेच तसे होते हे अजून पक्के नाही, पण त्यात मज्जापेशींना घातक असे द्रव्य आहे एवढे निश्चित. "पानं मी देणार नाही," मी म्हटले. "आणि उपचार थांबवलेस तर तुझ्याशी बोलणार नाही."

तो रागावला. म्हणाला, "आजी असती तर तिनं दिली असती." मी म्हटले, "आजीनं बिया चुलीत टाकल्या असत्या, हे विसरलास." तो रिकामी पिशवी घेऊन गेला. दोन महिने आमचे बोलणे नव्हते. मधल्या काळात पाने त्याने दुसरीकडून मिळवली की नाही, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. उपचार मात्र चालू राहिले, हे वहिनीनेच फोन करून कळवले. आणि शेवटी हळूच म्हणाली, "वन्सं, डॉक्टरांना विचारलंय मी. पानं नकोत म्हणाले, पण फळाची एखादी फोड चालेल. तोंडाला चव नाही हो. लहानपणी तुमच्याकडे खाल्लं होतं ते आंबट..." मी त्याच दुपारी रिक्षाने फोड घेऊन गेले. भावाने दार उघडले, काही बोलला नाही, पण बिया त्यानेच बसून एकेक वेचून काढल्या.

ह्या वर्षी पावसाळी बहर सरला, तरी दोन मागास फळे खोडाला राहिली आहेत. भाऊबीजेला दोघे यायची आहेत. मोठ्या फळाचे काटे आता एकमेकांपासून सुटू लागले आहेत; ते आज संध्याकाळी काढून सुपात ठेवते. चार दिवस लागतील. हिशेब अगदी नेमका बसतो.